बघण्याचा कार्यक्रम

बाईंच्या घरात ‘बघतो’ हा शब्द बंद होता. शिव्या चालायच्या, नळाला पाणी नसलं की माणूस शिव्या देणारच, असं त्यांचं मत होतं. पण दारात उभं राहून कुणी ‘‘बघतो बाई’’ म्हणालं की त्या लगेच चपला पायात सरकवायच्या. ‘‘चला. काय बघताय, कुठून बघताय, मलाही दाखवा.’’ मग त्या माणसाला खरोखर जाऊन बघावं लागायचं. मी महापालिकेत कनिष्ठ अभियंता. आमच्याकडे ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही, ‘बघतो’ म्हणायची आहे. हा शब्द माझ्या जिभेला इतका सवयीचा की बाईंशी बोलताना मी दर वाक्याला अडखळायचो. त्या म्हणायच्या, ‘‘अडलं ना? आता खरं काय ते बोला.’’

‘येतो’ म्हणून निघालं तरी सुटका नव्हती. ‘जातो’ म्हणू नये म्हणून आपण ‘येतो’ म्हणतो, त्यात परत यायचा काही विचार नसतो. बाई मात्र फाटकापर्यंत मागे यायच्या. ‘‘येतो म्हणालात. कधी?’’ वार सांगितल्याशिवाय फाटकाची कडी निघत नसे.

विठ्ठलवाडी स्टेशनपासून कल्याणच्या बाजूला थोडं आत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर बाईंच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत त्यांचं वधू-वर सूचक केंद्र. एके काळी डोंबिवलीपासून नौपाड्यापर्यंतच्या आया तिथे फायली चाळत बसायच्या म्हणे. पुढे स्थळं मोबाइलवर यायला लागली, केंद्र ओस पडलं, पण बाईंची भाषा सुटली नाही. रिकामा वेळ आणि ती भाषा, दोन्ही त्यांनी महापालिकेच्या मागे लावली. त्यांच्या लेखी आम्ही अधिकारी म्हणजे मुलाकडचे आणि रहिवासी म्हणजे मुलीकडचे. असं का, तर म्हणायच्या, ‘‘जोडे कोण झिजवतं? मुलीचा बाप. तुमच्या ऑफिसात जोडे कोण झिजवतं ते सांगा.’’

तक्रारीच्या अर्जाला त्या बायोडेटा म्हणायच्या. ‘‘इकडून एक बायोडेटा जातो, तिकडून त्याची पोच येते. माणसं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. असं कुठे लग्न जुळलंय का हो?’’ त्या काळात महापालिकेत नगरसेवकच नव्हते. मुदत संपून गेलेली, निवडणुका लांबत चाललेल्या, सगळा कारभार प्रशासकांकडे. लोक कुणाकडे जाणार? क्षेत्रसभा म्हणून एक गोष्ट कायद्यात आहे, नागरिकांनी आणि महापालिकेनं एकत्र बसायची, पण ती मी नोकरीत कधी भरलेली पाहिली नाही. बाईंचं म्हणणं, ‘‘घरात वडीलधारं माणूस नाही आणि पोरीचं लग्न काढलंय, अशी गत आहे. मग शेजाऱ्यांनी पुढे व्हायला नको?’’

बाई पुढे झाल्या त्या अशा.

मी बदली होऊन त्या प्रभागात नवा नवा आलो होतो. माझ्या आईनं माझं नाव बऱ्याच केंद्रांत घातलेलं, त्यात एक हेही. एक दिवस आईला फोन आला. शनिवारी दुपारी मुलाला घेऊन या, बघण्याचा कार्यक्रम आहे, कांदेपोहे इकडेच होतील. आईनं मामाला बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला, आई नारायणपेठी नेसली, आणि आम्ही तिघं रिक्षानं बाईंच्या दारात उतरलो. आत आधीच पाचसहा बाया आणि दोन म्हातारे बसलेले. आईला वाटलं, मुलीकडची मंडळी जरा जास्तच आहेत. पोहे आले, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. मामानं चव घेऊन मान डोलावली. आई पडद्याकडे डोळे लावून बसली होती. चहा झाला तरी पडदा हलेना, तेव्हा तिनं हळूच विचारलं, ‘‘मुलगी?’’

‘‘ती जरा पलीकडे आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘चालतच जाऊ.’’

सगळी वरात निघाली. दोन गल्ल्या ओलांडून आम्ही नाल्यापाशी आलो. तिथे एक बैठी चाळ होती. तिची शेवटची रांग नाल्याच्या जुन्या दगडी भिंतीला टेकून उभी. खोल्यांना मागची भिंत अशी वेगळी नव्हतीच, नाल्याची भिंत हीच त्यांची मागची भिंत. बाईंनी तिच्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘ही मुलगी. पाठीत वाकलीय थोडी. पोटात पाणी आहे. आम्ही काही लपवलेलं नाही. नाल्याचंही सांगते, स्वभाव तापट, वर्ण रोज वेगळा.’’ तेही खरं होतं. वरच्या अंगाला कपडे रंगवायचं काम चालायचं, त्यामुळे पाणी कधी निळं, कधी जांभळं.

मामाला हसू आवरेना. आई आधी संतापली. ‘‘अहो, तुम्ही फोनवर...’’

‘‘मी एक अक्षर खोटं बोलले नाही,’’ बाई म्हणाल्या. आणि खरंच बोलल्या नव्हत्या.

शेवटच्या खोलीत सुनंदा राहायची. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची, नवरा रिक्षा चालवायचा, दोन मुली. तिनं आईला आत बोलावलं. आई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.  परत जाताना रिक्षात, कल्याणचा पूल आल्यावर म्हणाली, ‘‘त्या पोरी त्याच भिंतीला डोकं लावून झोपतात रे. हे तुझ्याकडे येतं ना?’’

‘‘येतं,’’ मी म्हणालो. त्या दिवसापासून माझी झोप पातळ झाली.

हा कार्यक्रम मग दर शनिवारचा झाला. दर वेळी काहीतरी एकच बघायचं: एखादं तुंबलेलं गटार, बंद शौचालय, वाकलेला दिव्याचा खांब. भिंत मात्र प्रत्येक वेळी असायचीच. नियम बाईंचे. आवाज चढवायचा नाही, ‘‘भांडायचं ते लग्न झाल्यावर.’’ वय लपवायचं नाही, म्हणजे जलवाहिनी किती जुनी आहे ते मी खरं सांगायचं. माझ्या हातात काय आहे आणि काय नाही, तेही. मुलीकडच्यांनाही सूट नव्हती. एकदा नाल्याच्या काठावर कचऱ्याच्या पिशव्या दिसल्या, तर बाईंनी कार्यक्रमच थांबवला. ‘‘मुलगी दाखवायची आणि घर आवरायचं नाही? आधी हे उचला.’’ सगळ्यांनी उचललं, मी पण उचललं. चार शनिवारांनी लोक आपणहून काठ साफ करून ठेवायला लागले. कुणी मला पाहून ओरडेनासं झालं. कुणाच्या घरी गणपती आला तर मला बोलावणं यायचं, सुनंदाकडे बुद्धपौर्णिमेला खीर. मी त्यांचा झालो होतो, आणि हीच माझी पंचाईत होती. अनोळखी माणसांची भिंत पडेल ही काळजी वेगळी आणि जिच्या हातची खीर खाल्ली तिची वेगळी.

भिंत माझ्या हातात नव्हती. मी प्रस्ताव पाठवले, ते वर गेले आणि वरच राहिले. अडचण अशी सांगितली गेली की भिंत अधिकृत आहे पण चाळ अनधिकृत आहे. चाळ आहे म्हणून भिंत बांधायची तर चाळ मान्य केल्यासारखं होईल. आमचे कार्यकारी अभियंता, म्हणजे मोठे साहेब, माणूस वाईट नव्हता. फक्त तो कधी टेबलाच्या पलीकडे आला नव्हता. बाई त्यांच्या केबिनमध्ये जाऊन उभ्या राहायच्या. खुर्ची दिली तरी बसायच्या नाहीत. साहेब म्हणायचे, ‘‘बघतो.’’ बाई म्हणायच्या, ‘‘चला.’’ साहेबांची नेमकी मीटिंग असायची.

मी एवढंच केलं की सुनंदाच्या खोलीत, भिंतीला जी मोठी चीर होती तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरनं बसवली. भिंत जरा जरी सरकली तरी काच तडकते, ही आमच्या धंद्यातली साधी युक्ती. तेव्हापासून बाईंनी मला ‘कसे आहात’ विचारणं सोडलं. फोन उचलला की पहिला प्रश्न, ‘‘काच कशी आहे?’’ पावसाळ्यात तर आभाळ भरून आलं की फोन. मी जेवत असेन, दाढी करत असेन, दुसऱ्या साइटवर असेन. ‘‘आभाळ आलंय. तुम्ही कुठे आहात?’’ मी चिडायचो. आई म्हणायची, ‘‘उचल रे, त्यांना भीती वाटते.’’

भीती त्यांना वाटायचीच. चारचौघांत ठसक्यात बोलणारी ही बाई एकटी असली की पदराचं टोक पिळत बसायची. एकदा मी विचारलं की बाई, तुम्हाला या बघण्याचं एवढं काय आहे. त्यांनी फायलींचं रिकामं कपाट उघडलं आणि पुन्हा लावलं.

‘‘एक स्थळ मी न बघता जुळवलं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कागदावर सगळं चोख. घर बघायला जायचं होतं, मला ताप होता, मी म्हटलं, एवढं काय अडलंय. मुलीचे वडील माझ्यावर विसंबले.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. ती मुलगी आता नौपाड्यात असते, एकटी. शिकवण्या घेते. मी रस्त्यात दिसले तर पलीकडच्या फुटपाथला जाते.’’ आणि लगेच, ‘‘काच कशी आहे, सांगितलं नाहीत.’’

मोठे साहेब शेवटी आले ते बाईंच्या धंद्यामुळे. साहेबांच्या मेहुणीचं लग्न या केंद्रातूनच जुळलेलं होतं, आणि हे बाईंना फार उशिरा आठवलं. मग त्या थेट साहेबांच्या घरी गेल्या. त्यांच्या पत्नीला कुंकू लावलं, हातात अक्षता दिल्या आणि शनिवारचं रीतसर आमंत्रण केलं, जोडीनं यायचं. घरातून हुकूम सुटल्यावर साहेब काय करणार.

तो शनिवार आषाढातला होता. सकाळपासून पाऊस थांबला नव्हता. नाला काठोकाठ भरला होता आणि पाणी त्या दिवशी चक्क लाल होतं. मी बाईंना म्हटलं, ‘‘आज नको. पुढच्या शनिवारी करू.’’

‘‘पुढच्या शनिवारी पाणी उतरलेलं असेल. साजशृंगार करून काय दाखवायचं? मुलगी आहे तशी दाखवायची.’’

‘‘बाई, काही झालं तर?’’

‘‘तेच तर. झालं तर?’’  त्यांनी चाळीच्या शेवटच्या रांगेतल्या बाकी सगळ्यांना बाहेर काढून समोरच्या इमारतीच्या जिन्यात उभं केलं होतं, सुनंदाच्या मुलींनासुद्धा. कार्यक्रम सुनंदाच्या खोलीत ठेवला होता आणि पोहेही तिथेच केले होते. सुनंदा कुजबुजली होती, ‘‘बाई, ते लोक खातील का आमच्यात?’’ बाई म्हणाल्या, ‘‘मुलाकडचे आहेत. न खाऊन जातील कुठे.’’

साहेब आले. पत्नीला म्हणाले, तू गाडीतच थांब, चिखल आहे. बाईंनी पाहुण्याला नेहमी देतात तशी आतली खुर्ची दिली. आतली म्हणजे मागच्या भिंतीला टेकलेली. स्वतः शेजारच्या स्टुलावर, त्याच भिंतीला पाठ लावून बसल्या. सुनंदा गॅसपाशी, मी दारात. खरं सांगतो, मी एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवला होता. सुनंदानं बशी दिली. साहेबांनी पहिला घास घेतला, म्हणाले, ‘‘छान झालेत.’’ दुसरा घास तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. भिंतीच्या पलीकडून काहीतरी जड वाहत आलं असावं, ओंडका नाहीतर ड्रम. ते भिंतीवर आदळलं आणि खुर्चीची पाठ हादरली. साहेबांनी मागे वळून पाहिलं. भिंत घामेजलेली, वरच्या बाजूला तसबीर काढून घेतल्याचा चौकोन. सुनंदानं बुद्धाची तसबीर कधीच समोरच्या भिंतीवर हलवली होती.

‘‘पाणी बरंच आहे,’’ साहेब म्हणाले.

‘‘दर वर्षी असतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘लिंबू पिळू का?’’

पुन्हा एक दणका बसला. आणि मग साहेबांच्या कानामागे, अगदी बारीक, टिक असा आवाज झाला. सुनंदाला तो कळला नाही. बाईंनाही नसेल. मला कळला आणि साहेबांना कळला, कारण आम्ही दोघंही तेच शिकलेलो. काचेची पट्टी मधोमध तडकली होती. साहेबांच्या हातातली बशी कलली आणि पोहे पँटवर सांडले.

‘‘बाई,’’ ते म्हणाले, ‘‘मला बाहेर जायचंय.’’

बाई उठल्या नाहीत. पदराचं टोक दोन्ही हातांत घट्ट. ‘‘सुनंदालाही,’’ त्या म्हणाल्या.

 साहेबांनी सुनंदाला हाताला धरून उठवलं, गॅस बंद केला, आणि आम्ही सगळे बाहेर आलो. पावसात उभं राहूनच त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. महापालिकेच्या शाळेचे वर्ग उघडायचे, ट्रक पाठवायचा, जेवणाचं बघायचं. कुणाला तरी फोनवर ओरडताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. ‘‘बघतो काय? आत्ता निघ.’’ अंधार पडायच्या आत शेवटची रांग रिकामी झाली. बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मी पाणी दिलं, तर त्यांनी पेला बाजूला ठेवून दिला. म्हणाल्या, ‘‘मला पाण्याची फार भीती वाटते हो. लहानपणापासून.’’

भिंत त्याच आठवड्यात पडली, भरदुपारी. सुनंदाची खोली आणि शेजारच्या दोन, सरळ नाल्यात. माणूस कुणी नव्हतं. लोक सांगत होते, बाईंनी वाचवलं. बाईंना ते ऐकवत नसे. ‘‘दर वेळी वरातीमागून घोडं येतं, या वेळी घोडं आधी आलं, एवढंच,’’ असं म्हणून त्या विषय तोडायच्या. पुढे काँक्रीटची नवी भिंत झाली. चाळ थोडी मागे सरकवून लोकांनी पुन्हा बांधली, काही जण टिटवाळ्याकडे निघून गेले. चाळ अजून अनधिकृतच आहे. नवी भिंत झाल्यावर मला वाटलं, आता शनिवार सुटले. बाईंचा फोन आला. ‘‘लग्न लावून दिलं म्हणून मुलीची विचारपूस थांबते का?’’

मग आम्ही नवी भिंत बघायला जायला लागलो.

गेल्या थंडीत बाई आजारी पडल्या. निवडणुका अखेर जाहीर होणार असं सगळे म्हणत होते. एवढी वर्षं त्यांनी वडीलधाऱ्या माणसाची वाट पाहिली, आणि मत द्यायला काही त्या राहिल्या नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटचा भेटलो तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी सवयीनं भिंत ठीक आहे म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली. निघताना म्हणालो, ‘‘येतो बाई.’’ मी दारात थांबलो, उगीचच, थोडा वेळ. त्यांनी ‘कधी’ विचारलं नाही.

माझी आता मोहन्याच्या बाजूला बदली झाली आहे. नवे नगरसेवक निवडून आलेत, त्यांचे फलकही लागलेत. इथे मला कुणी आभाळ आल्याचा फोन करत नाही. सुरुवातीला बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. ढग दिसले की मी आपणच फोन हातात घेऊन बसतो, इथल्या कुठल्या भिंती वाकल्यात ते मला कुणी दाखवलेलं नाही आणि लोकांनाही मी कोण ते ठाऊक नाही. शनिवारी पोहे करायचे तर कुणाच्या घरी, इथपासून सुरुवात आहे.

परवा दुपारी असंच अंधारून आलं होतं आणि फोन वाजला. सुनंदा होती.

‘‘साहेब, नव्या भिंतीला चीर गेलीय. केसाएवढीच आहे. नवीन साहेब बोलले, काँक्रीटला अशा पडतात, बघतो. नगरसेवकांकडे पण गेलेलो आम्ही. ते पण बघतो बोलले.’’

केसाएवढ्या चिरा काँक्रीटला पडतात, बहुतेक वेळा त्यात काही नसतं. आणि तो प्रभाग आता माझ्याकडे येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही माझ्या जिभेवर आल्या होत्या. बाहेर पहिले थेंब पत्र्यावर वाजायला लागले. 

‘‘येतो,’’ मी म्हणालो. फोन ठेवताना म्हणतात, तसंच काहीसं.

सुनंदानं फोन ठेवला नाही.

‘‘येतो बोललात,’’ ती म्हणाली. ‘‘कधी?’’